आधी दारं ठरवा, मग पाइप टाका

गव्हाला पाटाचं पाणी देताना दारं धरणारा माणूस कुठे उभा राहतो, ते आठवून पाहा. तो वाफ्यात उभा राहत नाही. पाणी जिथून फुटतं तिथे, पाटाच्या कडेला, कोरड्या बांधावर असतो. वाफा शेवटापर्यंत भिजत आला की पुढच्या वाफ्याचं दार फोडतो आणि त्याच फावड्यातली माती मागच्या दारात टाकून ते बुजवतो. आधी पुढचं उघडायचं, मग मागचं बुजवायचं. उलट केलं की पाणी तुंबतं आणि पाट फुटतो. घरापुढच्या हिरवळीला पाइपने पाणी द्यायचं असेल तर वॉल्व्ह, म्हणजे आपण अणदुरात ज्याला बोलताना व्हॉल किंवा कॉक म्हणतो, तो म्हणजे हे दारच. शेतात जन्मभर दारं धरलेली माणसं अंगणात मात्र ती भलत्या जागी बसवून घेतात, कारण तिथे जागा आपण ठरवत नाही, पाइप जोडायला आलेला ठरवतो.

माझ्या घरी तेच झालं. जोडणाऱ्याने पाच कॉक पाच ठिकाणी बसवले, पाइप जिथे वळला तिथे एकेक. त्याचं काम एका दिवसात उरकलं. तिसरा कॉक हिरवळीच्या मधोमध आला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत हरळीने त्याचं झाकण गिळलं आणि पाणी बंद करायची वेळ आली तेव्हा मी लोखंडी सळई जमिनीत टोचत तो शोधत बसलो. पाचवा होता तो कुंपणाच्या कोपऱ्यात. तिथे जायचं तर नुकत्याच भिजलेल्या काळ्या मातीतून जायचं. चपलेला शेर-दीड शेर चिखल लागायचा आणि तो ओट्यापर्यंत यायचा. आईचे गुडघे दुखतात. ती त्या खड्ड्यापाशी एक हात जमिनीला टेकून बसायची, काठीने झाकण उचलायची, आत विंचू नाही ना हे बघायची आणि मग कॉक फिरवायची. हे रोज दोनदा. शेवटी मी सगळं उकरून पुन्हा केलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे, म्हणजे तुम्हाला उकरावं लागणार नाही.

वॉल्व्हच्या जागेआधी पाण्याचा हिशोब करावा लागतो. आपल्या भागात हिरवळ करायची की नाही, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावाच. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. लातूर आपल्या शेजारचाच जिल्हा, आणि तेव्हा आपल्याकडेही टँकर सुरू होते. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे गुंठाभर हिरवळ, जी साधारण १०१ चौरस मीटर भरते, ती रोज पाचशे लिटर पाणी पिते. जल जीवन मिशनने गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. गुंठाभर हिरवळ म्हणजे नऊ माणसांचं पाणी. म्हणून माझं स्पष्ट मत असं की अणदुरात हिरवळ चारशे-साडेचारशे चौरस फुटांपुढे नेऊ नये, ती नाजूक विलायती गवताची न करता हरळीची करावी, आणि उरलेल्या जागेत मोगरा, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता लावून त्यांना ठिबक करावं. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मरत नाही, पहिल्या पावसाला परत फुटते. टंचाई आली की हिरवळीचा कॉक बंद करता यावा आणि झाडांचा चालू ठेवता यावा, हे वॉल्व्ह वेगवेगळे ठेवण्याचं पहिलं कारण आहे.

आता मोजणी. एका वॉल्व्हवर किती फवारे चालतील, हे फक्त तुमच्या पाण्यावर ठरतं. ते अंदाजाने सांगणाऱ्याला थांबवा आणि बादली आणा. बोअरचं पाणी थेट बागेत सोडू नका. बोअरचं पाणी दिवाळीत एक आणि वैशाखात दुसरं असतं. कार्तिकात मोजून आखलेली बाग चैत्रात उभी राहत नाही. बोअरचं पाणी आधी हौदात किंवा टाकीत घ्यावं आणि तिथून लहान पंपाने बागेला द्यावं, म्हणजे पंपाचं पाणी बारमाही सारखं मिळतं. पंपाच्या पुढे एक टी बसवा, तिला प्रेशर गेज आणि त्यापुढे एक कॉक जोडा. पंप चालू करून कॉक हळूहळू आवळा, काटा २ किलोवर येऊन थांबेपर्यंत. मग त्याच स्थितीत कॉकमधून पडणाऱ्या पाण्याखाली २० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. नुसत्या उघड्या तोंडाने मोजाल तर आकडा फुगलेला येईल, कारण दाब चढला की पंप कमी पाणी देतो. बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर पाणी आहे. त्यातला चौथा हिस्सा सोडून द्या. फिल्टर तुंबतो, पाइपमध्ये दाब मरतो, व्होल्टेज पडतं. हातात राहिले साडेबावीस लिटर.

२ किलोच का, तर जमिनीतून वर येणारे पॉप-अप फवारे त्याच्या आसपास नीट चालतात. स्लॅबवरच्या टाकीचं पाणी जमिनीपासून साडेचार मीटर उंच असेल तर तिचा दाब अर्धा किलोसुद्धा भरत नाही. दहा मीटर उंचीला एक किलो, हे गणित पाठ असू द्या. म्हणजे टाकीच्या नुसत्या उतारावर पॉप-अप फवारे चालणार नाहीत. ते डोकं वर काढतील आणि तिथेच पाझरत बसतील. ठिबक मात्र चालेल. ४ लिटरचा साधा ड्रिपर त्या दाबाला तासाला पावणेतीन लिटरच्या आसपास देईल, मग एक तासाऐवजी दीड तास सोडायचं. म्हणून हिरवळ पंपावर आणि झाडं टाकीवर, अशी विभागणी मी करून घेतली. वीज गेली तरी लिंबाला पाणी मिळतं.

साडेचारशे चौरस फुटांचं उदाहरण घेऊ. ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद हिरवळ. १५ फूट फेक असलेले फवारे घ्यायचे आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचलं पाहिजे, हा नियम. तेवढं अंतर ठेवलं नाही तर मध्ये वाळलेले पट्टे राहतात. चार कोपऱ्यांत चार पाव गोलाचे, दोन्ही लांब कडांच्या मध्यावर एकेक अर्ध्या गोलाचा. पाव गोलाचा फवारा मिनिटाला साडेतीन लिटर घेतो, अर्ध्याचा सात. चार पाव म्हणजे १४, दोन अर्धे म्हणजे १४, एकूण २८. हातात साडेबावीस आहेत. म्हणजे एका वॉल्व्हवर ही हिरवळ बसत नाही. दोन करावे लागतात: डावीकडचे दोन कोपरे आणि वरचा अर्धा एकावर, उजवीकडचे दोन कोपरे आणि खालचा अर्धा दुसऱ्यावर. प्रत्येकी १४ लिटर. सगळे फवारे एकाच कॉकवर जोडून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फाल्गुनात फिल्टर थोडा भरला की सहाच्या सहा फवारे गुडघ्याएवढे उडतात आणि मधलं गवत जळतं.

या दोन वॉल्व्हना पाळीने पाणी द्यायचं. पाळी आपल्याला नवी नाही. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो, आणि ती पाळी दोन्ही गावं मानतात. दोन वॉल्व्हवर मिळून ४२ चौरस मीटरला ५ मिलिमीटर, म्हणजे २१० लिटर द्यायचे. प्रत्येकी १४ लिटरप्रमाणे दोन्ही साडेसात-साडेसात मिनिटं चालले की झालं. पण आपली जमीन काळी. कोरडी असते तेव्हा भेगांतून घटाघटा पिते, एकदा फुगली की पाणी वरच थांबतं आणि फरशीकडे वाहू लागतं. म्हणून साडेसात मिनिटं सलग सोडू नका. पहिला चार मिनिटं, मग दुसरा चार मिनिटं, अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा दोन्ही उरलेले. दोन्ही कॉक शेजारी-शेजारी असले तरच कुणी हे रोज करील. एक फाटकापाशी आणि दुसरा मागच्या दाराशी असेल तर दुसऱ्या दिवसापासून सगळे एकदाच सोडून मोकळे होतात. वॉल्व्हची जागा चुकली की पाणी देण्याची पद्धतच बदलते, ती अशी.

म्हणून जागा कशी निवडायची? फक्की घ्या आणि आधी हिरवळ, झाडं, रस्ता, गाडी उभी राहायची जागा जमिनीवर आखून घ्या. मग दिवसातून दोनदा पाणी सोडणारं माणूस घराच्या कोणत्या दारातून बाहेर येतं ते बघा. वॉल्व्हचा गट त्या दारापासून दहा पावलांच्या आत, फरशीवर किंवा ओट्याला लागून, पाय न भिजवता हात पोचेल असा असावा. तिथून हिरवळ दिसली पाहिजे. फवारा चढला की नाही, एखादं तोंड तुंबलं का, हे कॉक फिरवता-फिरवताच कळलं पाहिजे. फवाऱ्याच्या पाण्यात वॉल्व्ह कधीच येऊ देऊ नका. आणि गाडीच्या चाकाखाली तर नाहीच.

आता खड्डा की भिंत, हे ठरवायचं. माहितीपुस्तकांत जमिनीतली प्लास्टिकची पेटी दाखवतात, ती दिसायला छान दिसते. आपल्याकडे मी भिंतीच्या बाजूने आहे. कंपाउंडच्या किंवा घराच्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर एक आडवा पाइप, त्यातून खाली उतरणाऱ्या तीन-चार शाखा, प्रत्येकीवर एक कॉक. खाली बसावं लागत नाही, विंचू-सापाची भीती नाही, काळ्या मातीचा ताण येत नाही, गळती लगेच दिसते. एकच काळजी: पीव्हीसीला ऊन सोसत नाही. दोन-तीन वर्षांत ते ठिसूळ होतं. त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्या किंवा पत्र्याची छोटी पेटी बसवा. ज्यांना खड्डाच करायचा आहे त्यांनी खालचा तळ सिमेंटने बंद करू नये. खाली सहा इंच खडी टाकावी, बाजूने माती न भरता मुरूम भरावा, झाकण जमिनीच्या वर इंचभर ठेवावं. आणि झाकण हाताने न उचलता काठीने उचलावं.

वॉल्व्ह असे एका जागी एकत्र घेतले तर प्रत्येक भागापर्यंत वेगळा पाइप न्यावा लागतो, म्हणजे पाइप जास्त लागतो. हा खर्च जोडणारा तुम्हाला नक्की सांगेल आणि तो खराही आहे. पण त्याच्या बदल्यात काय मिळतं ते तो सांगत नाही. वॉल्व्हच्या अलीकडच्या पाइपमध्ये पाणी कायम दाबाखाली उभं असतं, पलीकडच्यात फक्त वॉल्व्ह उघडा असेल तेवढा वेळ. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि पाइपचे सांधे ओढते. सांधा निसटायचाच असेल तर तो वॉल्व्हच्या पलीकडे निसटू दे. तिथे दिवसातून पंधरा मिनिटं गळेल. अलीकडे निसटला तर रात्रभरात हौद रिकामा होतो आणि सकाळी आंघोळीला पाणी नसतं. साधारण दोन गुंठ्यांच्या घराला तीस-चाळीस फूट जास्तीचा पाइप ही यासाठी छोटी किंमत आहे. प्लॉट फार लांब असेल तर दोन गट करा, पण पाच ठिकाणी पाच करू नका.

उताराचं एक बघावं लागतं. अंगण रस्त्याकडे उतरतं असेल तर वरचा भाग एका वॉल्व्हवर आणि खालचा दुसऱ्यावर घ्या. एकाच वॉल्व्हवर दोन्ही घेतले की बंद केल्यानंतर पाइपमधलं सगळं पाणी सर्वांत खालच्या फवाऱ्यातून पाझरत राहतं. तिथे शेवाळ धरतं आणि वर गवत सुकलेलं असतं. सावलीचंही तसंच. कडुनिंबाखालची हिरवळ आणि नैऋत्येच्या उन्हातली हिरवळ एका दारावर चालत नाही.

जोडणीचा क्रम मी असा ठेवतो: पंप, मग एनआरव्ही, मग फिल्टर, मग मुख्य कॉक, मग शाखांचे कॉक. एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न फिरू देणारा वॉल्व्ह, टाळू नका. बागेच्या पाइपमध्ये कधी खताचं पाणी असतं, कधी चिखल असतो. ते मागे फिरून हौदात येता कामा नये. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला तर बाग कधीच जोडू नका, कॉक बंद आहे म्हणूनही नाही. मुख्य कॉक रात्री झोपताना बंद. आपल्याकडे वीज रात्री केव्हाही येते-जाते, पंपाला ऑटो स्टार्टर असतो, आणि उघडा राहिलेला एक कॉक सगळा हौद कुंपणाबाहेर काढून देतो.

सगळे कॉक बंद आणि पंप चालू, असं कधी ना कधी होणारच. ते पाणी कुठे जाणार? नळदुर्गाचा पाणीमहाल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. वर पूर असताना आत माणूस कोरडा उभा राहू शकतो, कारण जास्तीच्या पाण्याला नर आणि मादी या वाटा बांधतानाच ठेवलेल्या आहेत. पावसाळ्यात आपण जो धबधबा बघायला जातो ती खरं तर बंधाऱ्याची सुटका आहे. तुमच्या पंपालाही तशी वाट द्या. पंपाच्या पुढे, फिल्टरच्या आधी एक टी काढून तिथून बायपास हौदात परत सोडा आणि त्यावर एक कॉक ठेवा. एकच छोटी शाखा चालू असताना जास्तीचं पाणी तिकडून परत जातं आणि सांधे वाचतात.

कॉक कोणता घ्यायचा? फिरवल्याबरोबर बंद होणारा बॉल वॉल्व्ह सोयीचा, पण झटक्याने बंद केला की पाइपमध्ये पाण्याचा धक्का बसतो, तो आवाज तुम्ही ऐकला असेल. सावकाश, तीन-चार सेकंदांत बंद करा. घरातल्या लहान मुलांनाही हे शिकवा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. महिनोन्‌महिने न फिरवलेला कॉक जाम होतो आणि जोर लावला की दांडा हातात येतो. म्हणून पावसाळ्यात बाग बंद असली तरी महिन्यातून एकदा प्रत्येक कॉक दोनदा फिरवा. कॉकच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे उघडता येणारा सांधा, असू द्या. नाहीतर एक कॉक बदलायला पाइप कापावा लागतो आणि कापलेला पाइप दर वेळी दोन इंचांनी आखूड होतो.

ठिबकच्या शाखेला दोन दारं जास्तीची लागतात. सर्वांत उंच जागी एअर वॉल्व्ह, कारण पाणी बंद झालं की नळीत पोकळी होते आणि ड्रिपरच्या तोंडातून चिखल आत ओढला जातो. शेवटाला फ्लश वॉल्व्ह, तो पंधरवड्याने उघडून नळी धुऊन काढायची. पहिलं पांढरट, राडा झालेलं पाणी बाहेर पडताना बघितलं की ड्रिपर का तुंबतात ते कळतं.

काहींना टायमरवर चालणारे वॉल्व्ह हवे असतात. नोकरीमुळे सोलापूरला रोज जा-ये करणाऱ्यांची सोय होते, नाकारत नाही. पण त्यासाठी लागणारे, विजेने उघडणारे सोलेनॉइड वॉल्व्ह बहुतेक पाण्याच्या दाबावरच बंद होतात. टाकीच्या उतारावर लावले तर ते अर्धवट उघडे राहतात. ते पंपाच्या बाजूलाच लावा. टाकीच्या शाखेला मोटरने फिरणारा बॉल वॉल्व्ह घ्या. आणि साधे २४ व्होल्टचे घेतले तर वीज नसताना टायमर काही उघडू शकत नाही, हे लक्षात ठेवून बॅटरीवर चालणारा टायमर आणि त्याला जुळणारे वॉल्व्ह बघा. कुठलाही घ्या, शेजारी एक हाताने फिरवायचा कॉक ठेवाच.

चर बुजवायच्या आधी एक दिवस तसाच उघडा ठेवा. पंप चालू करून एकेक दार उघडा, आधी पुढचं, मग मागचं बंद. प्रत्येक सांध्यावर कोरडा हात फिरवा. मग चराच्या कडेला टेप पसरून, फुटांचे आकडे दिसतील असे फोटो काढा: भिंतीपासून पाइप किती लांब, किती खोल, कुठे वळला. माझ्या घरी त्याची एक प्रत मीटरच्या पेटीत आतून चिकटवलेली आहे. भिंतीवरच्या कॉकांवर लाल ऑइल पेंटने आकडे लिहिले आहेत, एक-दोन हिरवळ, तीन लिंबू-मोगरा, चार कुंपणाची जास्वंद. आई आता सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवते, उभ्या-उभ्या दोन उघडते, एक बंद करते, आणि कप उचलून आत जाते.